फ्रांचेस्को: एका इटालियन नावाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इटालियन नावांवर मराठीत लिहायला लागल्यापासून सर्वांत जास्त प्रश्न एकाच नावाबद्दल आले आहेत. विचारणाऱ्यांत वसई-गोव्याकडचे लोक आहेत, रोमचा फुटबॉलपटू फ्रांचेस्को तोत्ती याचे चाहते आहेत, पोप फ्रान्सिस गेले तेव्हा कुतूहल वाटलेले आहेत, आणि 'नावाचा अर्थ एका ओळीत सांगा' म्हणणारेही आहेत. त्यांच्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे फक्त त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फ्रांचेस्को या नावाचा अर्थ काय?

'फ्रँकांचा' किंवा 'फ्रँकांच्या मुलखातला'. आजच्या भाषेत सरळ 'फ्रेंच'.

लॅटिनमध्ये हे नाव 'फ्रांचिस्कुस' असं होतं. 'फ्रांकुस' हे एका जर्मानिक टोळीचं नाव, आणि त्याला 'इस्कुस' हा प्रत्यय लागला. हा प्रत्ययही जर्मानिक बोलींतूनच लॅटिनमध्ये शिरला आणि इटालियनमध्ये 'एस्को' झाला. जर्मन माणसाला इटालियन लोक आजही 'तेदेस्को' म्हणतात, तो हाच 'एस्को'. कोल्हापूरचा तो कोल्हापुरी, तसा फ्रँकांचा तो फ्रांचेस्को.

म्हणजे या नावात देव नाही, गुण नाही आणि आशीर्वादही नाही. फक्त माणूस कुठला आहे ते सांगितलं आहे. बाळाच्या नावांच्या याद्यांत 'शूर', 'उदार', 'प्रामाणिक' असे जे अर्थ छापलेले दिसतात ते नंतर कुणीतरी चिकटवलेले आहेत. 'स्वतंत्र' हा अर्थ मात्र इतका सहज झटकता येत नाही. त्यासाठी पुढचा प्रश्न.

२. काही ठिकाणी अर्थ 'स्वतंत्र' दिलाय, काही ठिकाणी 'भाला'. खरं काय धरायचं?

हे दोन्ही अर्थ नावाचे नसून त्यामागच्या टोळीच्या नावाचे म्हणून सांगितले जातात. तिसऱ्या शतकात रोमन लेखक ऱ्हाइन नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या काही टोळ्यांना फ्रँक म्हणायला लागले. त्या शब्दाचं मूळ काही अभ्यासक भाल्याच्या एका जुन्या जर्मानिक शब्दात शोधतात. जुन्या इंग्रजीत 'फ्रांका' म्हणजे भाला होता, हा त्यांचा आधार.

'स्वतंत्र' या अर्थाचा प्रवास बहुधा उलट्या दिशेने झाला. फ्रँकांनी गॉल प्रांत जिंकला, आज त्याला आपण फ्रान्स म्हणतो. तिथे पूर्ण हक्क असलेला, कुणाचा बांधील नसलेला माणूस म्हणजे मुख्यतः फ्रँकच. त्यामुळे टोळीचं नावच 'मोकळा' या अर्थाने वापरात आलं. इटालियनमध्ये 'फ्रांको' म्हणजे मोकळा, सरळ बोलणारा. 'पोर्तो फ्रांको' म्हणजे जकात नसलेलं बंदर. टपालाच्या तिकिटाला 'फ्रांकोबोल्लो' म्हणतात, कारण ते चिकटवलं की पत्र पुढच्या आकारणीतून मोकळं. म्हणून 'स्वतंत्र' हा अर्थ नावाचा मूळ अर्थ म्हणून सांगू नये. नावाच्या घराण्यातला एक शब्द पुढे तिथवर पोचला, इतकं म्हणावं.

३. उच्चार 'फ्रान्सेस्को', 'फ्रान्सिस्को' की 'फ्रांचेस्को'?

इटालियन नाव असेल तर फ्रांचेस्को, आणि जोर 'चे'वर. मराठीत च दोन प्रकारे उच्चारतात. इथे 'चेहरा'मधला च हवा, 'चमचा'मधला नको. इटालियनमध्ये ए आणि इ या स्वरांआधी 'c' हे अक्षर 'च' होतं, एरवी 'क'. हा नियम प्रश्न १० मध्ये पुन्हा लागेल.

'फ्रान्सिस्को' हे स्पॅनिश-पोर्तुगीज रूप आहे. अमेरिकेतलं सॅन फ्रान्सिस्को शहर स्पॅनिश मिशनऱ्यांनी १७७६ मध्ये स्थापन केलेल्या मिशनच्या नावावरून ओळखलं जातं. म्हणून तिथे 'चे' नाही, संत मात्र तोच असिसीचा (प्रश्न ४). 'फ्रान्सेस्को' हे मराठी वर्तमानपत्रांत दिसणारं रूप इंग्रजी अक्षरं वाचून झालेलं आहे. फुटबॉलपटू तोत्तीला कुणी रोममध्ये त्या नावाने हाक मारत नाही.

४. संत फ्रान्सिसचं खरं नाव फ्रांचेस्को नव्हतंच म्हणे. हे खरं आहे का?

खरं आहे. या नावाची सगळी गोष्ट याच एका घरात घडली म्हटलं तरी चालेल.

उंब्रिया प्रांतातल्या असिसी गावात ११८१ किंवा ११८२ मध्ये पिएत्रो दि बेर्नार्दोने या श्रीमंत कापड व्यापाऱ्याला मुलगा झाला. बाप तेव्हा व्यापारासाठी फ्रान्सला गेला होता. आईने, तिचं नाव परंपरेने पिका सांगितलं जातं, मुलाचा बाप्तिस्मा करून जोव्हान्नी नाव ठेवलं. म्हणजे बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाचं नाव. बाप परत आला आणि मुलाला फ्रांचेस्को म्हणू लागला. संताच्या साथीदारांच्या आठवणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मध्ययुगीन चरित्रात हे असंच नोंदलं आहे. बापाने असं का केलं ते तिथे दिलेलं नाही. ज्या देशाच्या मालावर घर चाललं होतं त्याचं कौतुक, असं बहुतेक जण धरतात. आई मूळची फ्रान्सकडची होती, अशीही एक परंपरा आहे.

आपल्याकडे विलायतेहून परतलेल्या बापाने गणेश नावाच्या पोराला कौतुकाने 'विलायत्या' म्हणावं आणि पुढे गावाने, देवळाने आणि इतिहासाने तेच नाव धरून बसावं, तसं हे झालं.

हे टोपणनाव त्याला शोभायचंही. त्याला फ्रेंच बोलायची हौस होती, आनंदात असला की तो फ्रेंचमध्ये गायचा. ती भाषा त्याला धड येत नव्हती, हेही त्याच चरित्रकारांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलं आहे.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतं ते पुढचं. बाप-लेकाचं बिनसलं. बापाच्या दुकानातलं कापड विकून मुलाने पैसा पडक्या चर्चच्या दुरुस्तीसाठी नेला. प्रकरण बिशपपुढे गेलं. तिथे मुलाने अंगावरचे कपडेसुद्धा उतरवून बापाच्या पुढ्यात ठेवले आणि आता माझा बाप फक्त स्वर्गातला, असं सांगितलं. पैसा, कपडे आणि वारसा सगळं परत गेलं, पण बापाने दिलेलं नाव मात्र त्याने परत केलं नाही. आईने दिलेलं, बाप्तिस्म्याचं, चांगलं पवित्र जोव्हान्नी हाताशी असताना तो आयुष्यभर फ्रांचेस्कोच राहिला.

३ ऑक्टोबर १२२६ च्या संध्याकाळी तो वारला. १६ जुलै १२२८ रोजी, म्हणजे दोन वर्षंही पुरी व्हायच्या आत, पोप नववे ग्रेगरी यांनी त्याला संत घोषित केलं.

५. त्याच्याआधी हे नाव कुणी ठेवतच नव्हतं का?

ठेवत होते, पण क्वचित. 'फ्रांचेस्को' हा तेव्हा मुख्यतः साधा शब्द होता, अर्थ 'फ्रेंच'. नाव म्हणून तो पसरला तो संतामुळे आणि त्याच्या फ्रान्सिस्कन पंथाच्या भटक्या साधूंमुळे. ते गावोगाव गेले आणि नाव त्यांच्याबरोबर गेलं. १३०४ मध्ये आरेत्सोत जन्मलेला कवी फ्रांचेस्को पेत्रार्का हा त्या लाटेतलाच.

शब्द आणि नाव काही काळ शेजारी शेजारी नांदले. याचा सुंदर पुरावा इटालियन कवी दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी' या महाकाव्यात आहे. 'नरक' या भागाच्या पाचव्या सर्गात फ्रांचेस्का नावाची स्त्री भेटते. दिराच्या प्रेमात पडली म्हणून नवऱ्याने मारलेली ती रिमिनीची फ्रांचेस्का. त्याच भागाच्या एकोणतिसाव्या सर्गात दान्ते सिएनाच्या लोकांना टोमणा मारतो की इतके पोकळ डौलाचे लोक दुसरे कुठे नाहीत, 'फ्रांचेस्का' लोकसुद्धा इतके नाहीत. इथे तो शब्द म्हणजे फ्रेंच. एकाच पुस्तकात, एकाच अक्षरांनी, एकदा बाई आणि एकदा अख्खी जमात.

पुढे नावानेच शब्दाची जागा घेतली. फ्रेंच माणसाला इटालियनमध्ये आता 'फ्रांचेझे' म्हणतात. फ्रांचेस्को ऐकून फ्रान्स आठवणारा इटालियन आज शोधावा लागेल.

६. आपला 'फिरंगी' शब्द याच मुळातला आहे, असं ऐकलं. थाप आहे का?

थाप नाही, पण नातं नीट लावायला हवं. फिरंगी हा फ्रांचेस्कोपासून आलेला नाही. दोघं चुलतभाऊ आहेत, आजोबा फ्रँक.

अकराव्या शतकाच्या अखेरीस धर्मयुद्धं सुरू झाली आणि पश्चिम युरोपातून आलेल्या सगळ्याच सैनिकांना अरब लोक फ्रँक म्हणू लागले. अरबीत 'इफ्रंज', फारसीत 'फरंग', आणि त्या देशातला तो 'फरंगी'. फारसीच्या वाटेने हा शब्द दख्खनेत आला, तेव्हा समोर उभे होते पोर्तुगीज. म्हणून शिवकाळातल्या कागदांत फिरंगी म्हणजे पोर्तुगीज.

गंमत अशी की खरेखुरे फ्रेंच आले तेव्हा फिरंगी हा शब्द आधीच अडकलेला होता! त्यांच्यासाठी 'फरासीस' असा वेगळा शब्द घ्यावा लागला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांची, म्हणजे युरोपियनांची, यादी येते. तीत फिरंगी, इंग्रज, वलंदेज (डच), फरासीस, डिंगमार (डेन्मार्कचे) असे सगळे आहेत. एकाच मुळाचे दोन शब्द त्या यादीत दोन वेगळ्या राष्ट्रांसाठी उभे आहेत आणि अमात्यांना त्यात काही खटकायचं कारण नव्हतं.

त्याच शब्दाने आपल्याकडे आणखी संसार थाटला. युरोपी पात्याची सरळ, लांब तलवार ती 'फिरंग'. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या आयुर्वेदाच्या ग्रंथात 'फिरंगरोग' आहे, म्हणजे उपदंश. पाहुणा कसा वाटला हे रोगाच्या नावावरून कळावं!

थोडक्यात, एकच शब्द पश्चिमेला गेला तिथे संताचं नाव झाला आणि पूर्वेला आला तिथे परक्याची ओळख. दोन्हीकडे मुळातला अर्थ एकच: 'आपल्यातला नव्हे, तिकडचा'.

७. मग फिरंगोजी नरसाळ्यांचं नावही फ्रान्सिसच का?

नाही. १६६० मध्ये शायिस्ताखानाच्या फौजेविरुद्ध चाकणचा किल्ला लढवणाऱ्या फिरंगोजींच्या नावाचा या संताशी संबंध नाही. ते मराठी वळणाचं, 'जी' लागलेलं नाव आहे. आवाज जुळला म्हणून सोयरीक जुळत नाही.

८. गोव्यात, वसईत एवढे फ्रान्सिस आहेत. ते असिसीच्या संतावरून की झेवियरवरून?

गोव्यात बहुतेक वेळा झेवियरवरून. फ्रान्सिस झेवियर हा नवारा प्रांतातला, आजच्या स्पेनमधला. ६ मे १५४२ रोजी तो गोव्यात उतरला, ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारला. त्याचं शव जुन्या गोव्यात बॉम जेझू बासिलिकात आहे. 'गोंयचो सायब' म्हणजे तोच. नवस करताना, नाव ठेवताना गोंयकाराच्या डोळ्यांपुढे तो असतो. सालिगावात जन्मलेले चित्रकार सोझा यांचं नाव न्यूटन. लहानपणी देवीच्या आजारातून ते वाचले, तेव्हा आईने झेवियरचे उपकार म्हणून आधी 'फ्रान्सिस' जोडलं आणि ते फ्रान्सिस न्यूटन सोझा झाले.

पण आधी गोव्यात आला तो असिसीचा. फ्रान्सिस्कन साधू १५१७ पासूनच तिथे होते, झेवियरच्या पंचवीस वर्षं आधी. जुन्या गोव्यात से कॅथेड्रलच्या शेजारी असिसीच्या फ्रान्सिसचं देखणं चर्च आहे. त्याला लागून असलेल्या मठात आता पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. पर्यटक बासिलिकातली रांग धरतात आणि हे चर्च घाईत उरकतात, हे मी दर वेळी पाहिलंय. वसई आणि साष्टीतही फ्रान्सिस्कन लवकर पोचले. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांत त्यांनी चर्च केलं होतं.

त्यामुळे वसईकडच्या फ्रान्सिसबद्दल एकच उत्तर देता येत नाही, घरात विचारावं. आणि प्रश्न ६ मधल्या गोष्टीला जोडून: उस्मानाबादला जानेवारी २०२० मध्ये झालेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. 'फिरंगी'चा चुलतभाऊ मराठीच्या सर्वांत मानाच्या खुर्चीवर बसला आणि कानाला ते नाव परकं वाटलं नाही.

९. इटलीत 'साव्हेरियो' नावाचे लोक भेटले. हे झेवियरच का?

हो. झेवियर हे मुळात माणसाचं नावच नव्हतं, तो ज्या वाड्यात जन्मला त्या जागेचं नाव. बास्क भाषेत 'एत्चे बेरी' म्हणजे नवं घर, त्याचं घासून झालं झेवियर. इटालियनांनी त्याचं साव्हेरियो केलं.

दक्षिण इटलीत 'फ्रांचेस्को साव्हेरियो' असं जोडनाव एकत्र ठेवायची जुनी चाल आहे. १९१९ ते १९२० इटलीचे पंतप्रधान असलेले नित्ती हे फ्रांचेस्को साव्हेरियोच. बायकाही हे नाव घेतात. अमेरिकेत स्थलांतरितांसाठी काम केलेल्या आणि १९४६ मध्ये संत घोषित झालेल्या काब्रीनी यांनी आपल्या फ्रांचेस्का या नावापुढे साव्हेरियो जोडलं ते त्या गोव्याच्या सायबावरूनच.

१०. फ्रांचेस्कोला घरात काय हाक मारतात? 'चिच्चो' म्हणजे जाड्या ना?

चिच्चो म्हणजे दोन्ही. दक्षिणेत, विशेषतः सिसिली आणि कालाब्रियात, चिच्चो हे फ्रांचेस्कोचं सरळ घरगुती नाव आहे. बारीक माणसालाही म्हणतात. पण 'चिच्चा' म्हणजे बोलीत मांस, चरबी. त्यामुळे गुबगुबीत पोरालाही चिच्चो म्हणतात, त्याचं नाव काहीही असो. ओळख नसताना वापरू नका.

बाकी नावं प्रांताप्रमाणे बदलतात. तोस्कानात जुनं चेक्को, रोमकडे आणि दक्षिणेत केक्को, उत्तरेत चेस्को. चेक्को आणि केक्को लिहिताना फक्त एका 'ह'चा (h) फरक असतो: तो 'ह' आला की च चा क होतो (प्रश्न ३). आजची तरुण मंडळी नुसतं 'फ्रा' म्हणतात. नेपल्सकडे खिडकीतून हाक येते ती 'फ्रांचे!', शेवट गिळून आणि 'चे' ताणून. आपण 'ए सदाऽ' म्हणतो तशी.

एक सावधगिरी. केक्कोचं स्त्रीरूप 'केक्का' हे फ्रांचेस्काचं जुनं लाडकं नाव, पण आज ते समलिंगी पुरुषांसाठीची शिवी म्हणून चालतं. व्याकरणाने बनतं म्हणून तोंडातून काढू नये.

११. फ्रांको आणि फ्रांचेस्को एकच का?

कधी एक, कधी नाही. कागदावर फ्रांचेस्को आणि लोकांत फ्रांको, असे पुष्कळ सापडतील. पण फ्रांको हे स्वतंत्र नावही आहे, थेट 'फ्रँक' या शब्दापासून आलेलं. नोंदणीतच फ्रांको असलेल्या माणसाला फ्रांचेस्को म्हटलं तर तो दुरुस्त करेल. जान्फ्रांको म्हणजे जोव्हान्नी अधिक फ्रांको. असिसीच्या संताची दोन्ही नावं त्यात जवळपास आली, हा आपला योगायोग.

१२. मुलीचं नाव फ्रांचेस्का. तिची संत वेगळी आहे का?

अर्थ तोच, फक्त स्त्रीलिंगी. संत म्हणून तिला असिसीचा फ्रांचेस्को चालतो, पण स्वतःची हवी असेल तर रोमची संत फ्रांचेस्का आहे (१३८४ ते १४४०), दिवस ९ मार्च. ती मोटारचालकांची रक्षक मानली जाते. पंधराव्या शतकातली बाई आणि मोटार? रात्री वाटेने जाताना देवदूत तिच्या पुढे दिवा धरायचा अशी आख्यायिका आहे, म्हणून पोप अकरावे पायस यांनी तिला हे काम दिलं.

१३. फ्रान्झ, फेरेन्क, पाको हे सगळे फ्रांचेस्कोच?

हो. जर्मन फ्रान्झ, फ्रेंच फ्रान्स्वा, हंगेरियन फेरेन्क, चेक फ्रांतिशेक, क्रोएशियन फ्रान्यो. स्पॅनिशमध्ये फ्रान्सिस्कोचे पाको आणि पांचो होतात, ब्राझीलमध्ये शिको.

पाकोबद्दल एक गोष्ट फार फिरते: साधू म्हणे संताचं नाव 'समुदायाचा पिता' अशा लॅटिन शब्दांच्या आद्याक्षरांनी लिहायचे, त्यातून 'पा-को' झालं. ऐकायला छान आहे, पण ती नंतर रचलेली आहे. लहान मुलं फ्रान्सिस्को म्हणताना जे बोबडं बोलतात त्यातून अशी नावं होतात.

१४. नामदिन कधी? माझ्या ओळखीचा कालाब्रियाचा फ्रांचेस्को एप्रिलमध्ये साजरा करतो.

त्याचं बरोबर आहे. इटलीत वाढदिवसाबरोबर नामदिनही असतो, म्हणजे आपल्या नावाच्या संताचा दिवस. असिसीच्या फ्रांचेस्कोचा ४ ऑक्टोबर, आणि बहुतेकांचा तोच. पण कालाब्रियातल्या पाओला गावचा दुसरा फ्रांचेस्को आहे (१४१६ ते १५०७), त्याचा दिवस २ एप्रिल. आईबापांना बरीच वर्षं मूल नव्हतं, त्यांनी असिसीच्या संताला नवस केला आणि त्याचंच नाव मुलाला ठेवलं. तो कालाब्रियाचा रक्षक संत. शेवटी फ्रान्सच्या राजाने बोलावलं म्हणून तिकडे गेला आणि तूर शहराजवळ वारला. नावाचा अर्थ त्याने अक्षरशः पाळला म्हणायचा.

असिसीचा फ्रांचेस्को १९३९ पासून सिएनाच्या संत कातेरिनाबरोबर अख्ख्या इटलीचा रक्षक संत आहे. २०२५ मध्ये इटलीच्या संसदेने ४ ऑक्टोबर ही पुन्हा राष्ट्रीय सुटी केली, २०२६ पासून, म्हणजे संताच्या मृत्यूच्या आठशेव्या वर्षापासून. पहिल्याच वर्षी ती रविवारी येते.

१५. पोप फ्रान्सिस जेझुइट संघाचे होते. मग त्यांनी नाव झेवियरवरून घेतलं ना?

तसा अंदाज पुष्कळांनी केला होता, कारण झेवियर जेझुइट. पण १३ मार्च २०१३ रोजी निवड झाल्यावर तीनच दिवसांनी पत्रकारांना त्यांनी स्वतः सांगितलं: मतं मोजली जात असताना शेजारी बसलेल्या ब्राझीलच्या कार्डिनल हुमेस यांनी 'गरिबांना विसरू नका' म्हटलं आणि त्यांना असिसीचा फ्रांचेस्को आठवला.

त्याआधी एकाही पोपने हे नाव घेतलं नव्हतं. 'पहिले फ्रान्सिस' असं मात्र अधिकृतपणे म्हणत नसत. दुसरा झाला की पहिल्याला क्रमांक लागतो. २१ एप्रिल २०२५ रोजी ते गेले. रोमच्या सांता मारिया माज्जोरे या बासिलिकात त्यांच्या थडग्यावर एकच शब्द कोरला आहे, लॅटिनमध्ये: फ्रांचिस्कुस.

१६. पोपमुळे हे नाव इटलीत वाढलं का?

उलट क्रम आहे. इस्तात या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या आकड्यांत मुलांच्या नावांत फ्रांचेस्को २००१ पासूनच पहिला होता, पोप नंतर आले. २०१८ मध्ये लेओनार्दोने त्याला मागे टाकलं, आणि पहिला नंबर त्यानंतर लेओनार्दोकडेच राहिला आहे.

१७. बापाचं नाव फ्रांचेस्को असेल तर मुलालाही तेच ठेवता येतं का?

बाप हयात असेल तर नाही. इटलीच्या २००० सालच्या नागरी नोंदणी नियमांप्रमाणे हयात वडिलांचं किंवा हयात भावा-बहिणीचं नाव मुलाला देता येत नाही. आजोबांचं देता येतं, आणि दक्षिणेत पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव ठेवायची जुनी रीत आहे. त्यामुळे एका घरात फ्रांचेस्को, मग अंतोनियो, मग पुन्हा फ्रांचेस्को अशी आलटून पालटून साखळी दिसते. नातवात आजोबांचं नाव ठेवणाऱ्या मराठी घरांना हे समजावून सांगावं लागणार नाही. एकाच आजोबांचे पाच नातू असले की जेवणाच्या टेबलावर पाच फ्रांचेस्को बसतात. मग चेक्को, चिच्चो आणि फ्रांको अशी वाटणी होते.

१८. जुन्या दाखल्यावर 'फ्रांचेस्को फू अंतोनियो' लिहिलंय. 'फू' हे मधलं नाव आहे का?

नाही. इटालियनमध्ये आपल्यासारखं वडिलांचं नाव मधे लावत नाहीत. पण सरकारी कागदांत पूर्वी वडील लिहावे लागत. 'दि अंतोनियो' म्हणजे अंतोनियोचा मुलगा, बाप हयात. 'फू अंतोनियो' म्हणजे कैलासवासी अंतोनियोचा, कारण 'फू'चा शब्दशः अर्थ 'होता'. १९५५ च्या कायद्याने ही सक्ती काढली, कारण बापाचं नाव नसलेल्या मुलांची त्यात चारचौघांत शोभा व्हायची. चर्चच्या नोंदी लॅटिनमध्ये असतात. तिथे मुलगा 'फ्रांचिस्कुस' आणि फ्रांचेस्कोचा मुलगा असेल तर बाप 'फ्रांचिशी' असा षष्ठीत दिसेल. ते दोन वेगळे लोक आहेत, स्पेलिंगची चूक नव्हे.

१९. लपून गोळी घालणाऱ्याला इटालियनमध्ये 'चेक्कीनो' म्हणतात. त्यात चेक्को आहे का?

आहे! पहिल्या महायुद्धात इटलीसमोर ऑस्ट्रियाची फौज होती आणि ऑस्ट्रियाचा म्हातारा सम्राट होता फ्रान्झ योझेफ. इटालियनमध्ये फ्रांचेस्को जुझेप्पे, आणि त्याचं थट्टेचं घरगुती रूप चेक्को बेप्पे. आपल्या भाषेत 'फरश्या-जोश्या' म्हणावं तसं. त्याचे जे नेमबाज खंदकात डोकं वर काढणाऱ्याला टिपत त्यांना इटालियन सैनिक 'चेक्कीनी' म्हणू लागले, म्हणजे छोटे चेक्को. सम्राट १९१६ मध्ये गेला, साम्राज्य दोन वर्षांनी गेलं, शब्द राहिला. इटालियन बातम्यांत आजही तो रोजचा आहे, आणि त्यात कुणाच्या तरी आजोबांचं नाव आहे हे ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.